कमेन्सुरेटचा अर्थ

१ जानेवारी १९३५, मंगळवार. मंगरूळपीर.

नवी वही. आजपासून रोज एक इंग्रजी शब्द पाठ करायचा. नुसता अर्थ नाही, मूळसुद्धा. शब्द कोणत्या देशातून आला, त्याचे आईबाप कोण. वर्षाअखेर तीनशे पासष्ट शब्द. म्हणजे अकोल्याच्या वकिलांनाही जड जाईन.

कचेरीसमोर लिंबाखाली आम्ही तीन अर्जनवीस लेखनाच्या पेट्या मांडून बसतो. पैकी इंग्रजी एकट्या मला येते. तरी रांग उकंडरावांपुढे. वीस वर्षे तोच गृहस्थ अर्ध्या पानाचे मराठी अर्ज खरडतो आहे. लोकांना क्वालिटी कळत नाही.

डिक्शनरी काढली. वाळवी. कोट या शब्दानंतर एकदम काऊ. मधली पाने मातीसारखी हातात आली. हरकत नाही. ज्याला भाषेचा सांगाडा कळतो त्याला डिक्शनरी लागत नाही.

३ जानेवारी.

काल शब्द झाला नाही. डोके दुखत होते. आज दोन करणार होतो. आज सर्दी. उद्या तीन.

६ जानेवारी, रविवार.

पाच शब्द तुंबले. शब्द एकदम घेतले की त्यांचा आपसांतला संबंध कळतो, म्हणून महिनाअखेर तीसच्या तीस एका बैठकीत करावे असे ठरवले. ही पद्धत जास्त शास्त्रीय आहे. बायकोला, चतुराबाईला, समजावून सांगितले. ती म्हणाली, मग तोपर्यंत दळण आणून द्या.

८ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.

आजचा दिवस सोन्याने लिहावा.

मानोऱ्याकडच्या तांड्याचा सोमला नाईक आला. तांड्याच्या गुरांना राखीव जंगलात चराई बंद झाली होती. नोव्हेंबरात मी त्याला पिटिशन लिहून दिले होते. इंग्रजीत, तीन पाने. आज त्याचे उत्तर! टाइप केलेले, चार ओळी, खाली जंगलखात्याच्या साहेबाची सही. कचेरीतल्या बाबूने वाचून दाखवतो म्हटले, तर नाईक म्हणाला, ज्यानं लिवलं तोच वाचन. याला म्हणतात विश्वास.

उकंडराव बघत होते. तांड्याची आणखी चार माणसे उभी. मी कागद दूर धरून वाचला. गुरे. परमिटेड. चराई. राखीव जंगल. सगळे पाण्यासारखे. मध्ये एक शब्द आला. कमेन्सुरेट. पुढे, त्यांच्या ताब्यातली जमीन.

पान जमवायला लागतो तेवढा वेळ विचार केला. मग शब्द आपोआप उलगडला. कमेन्स म्हणजे सुरू करणे. रेट म्हणजे दर. मधला यू जोडणीचा. म्हणजे, आपल्या जमिनीपासून सुरुवात करून ठरल्या दराने जंगलात चराई करावी. नाईकाला तसेच सांगितले. त्याने विचारले, "सगळी गुरं?" मी म्हटले, सगळी. त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. त्याने कागद कपाळाला लावला. एक म्हातारा लिंबाच्या बुंध्याला टेकून रडायला लागला. पौषातच गवत संपले होते त्यांचे.

डिक्शनरीशिवाय. हे नोंद करून ठेवतो.

९ जानेवारी.

वाक्यात 'नंबर' असाही शब्द होता. गुरांचा नंबर अमुक असावा, असे काहीसे. जेवताना एकदम आठवले. घास थांबला. पण तो परमिटचा नंबर असणार. कागद नाईकाकडे आहे, नाहीतर पुन्हा पाहिला असता. गरज नाही म्हणा.

११ जानेवारी.

तांड्यातून गाडगेभर तूप आले. लाखेने तोंड बंद केलेले. चतुराबाई खूश. दोन नवे पक्षकार आले, दोघांनाही इंग्रजी अर्जच हवा. उकंडरावांनी दुपारी सहज विचारले की त्या कागदात तुम्ही अडला होता तो शब्द कोणता. मी अडलो नव्हतो, असे सांगितले. लॅटिन आहे, तुमच्या उपयोगाचा नाही. ते म्हणाले, आपण तर कचेरीतल्या बाबूला विचारून मोकळे झालो असतो. वीस वर्षांत हा माणूस पुढे का गेला नाही ते यावरून समजते.

१४ जानेवारी, संक्रांत.

तीळगूळ. तुपातल्या पोळ्या. 'पिटिशन रायटर अँड ट्रान्सलेटर' अशी पाटी रंगवून घेण्याचा विचार. अकोल्याला ट्रान्सलेटरच्या जागेसाठी अर्जही करावा. साहेबाच्या चार ओळी एका नजरेत उलगडल्या हे त्यात लिहावे का? आत्मस्तुती वाटेल. पण खरे आहे ते खरे आहे.

१७ जानेवारी, गुरुवार.

मानोऱ्याहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने बातमी आणली. तांड्याची गुरे कोंडवाड्यात. एकशे बासष्ट. सगळी.

जंगलखात्याच्या नाकेदाराने हाकारून धरली म्हणे. नाईकाने ऑर्डर दाखवली. नाकेदाराने ती रेंजरकडे नेली. रेंजर म्हणाला, यात सगळी कुठे आहे? चौदा जनावरे.

चौदा कुठून आणले? रेंजरचे इंग्रजी कच्चे असणार. उद्याच कडक पिटिशन लिहितो. पाच पाने. 'जेंटलमन' हा शब्द निदान दोनदा.

१८ जानेवारी.

पिटिशनची पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीत तो शब्द आला आणि लेखणी उभी राहिली. तो शब्द अर्थासकट लिहिल्याशिवाय रेंजरचे म्हणणे खोडता येत नाही. अर्थ मला माहीत आहेच. फक्त खात्री करून घ्यायची आहे.

कोणाला विचारावे? कचेरीतल्या बाबूला विचारले तर तो उकंडरावांना सांगेल. बाजारपेठेत नेमीचंद कापडवाले आहेत, त्यांच्या गादीमागे जाडजूड डिक्शनरी आहे, मी पाहिली आहे. पण इंग्रजी अर्जनवीसाने कापडवाल्याला इंग्रजी शब्द विचारायचा? शिवाय उकंडराव रोज तिथेच पाणी प्यायला जातात.

वाशीमला जातो. तिथल्या हायस्कुलात मोठी डिक्शनरी असणारच. तिथे मला कोणी ओळखत नाही.

१९ जानेवारी, शनिवार.

मोटार भरली होती. टपावर जागा होती. टपावर बसून मी जात नसतो.

२० जानेवारी.

टपावर बसून वाशीमला गेलो. हायस्कुलाला कुलूप. रविवार.

घरच्यांनी सांगायला नको? चतुराबाईला बोललो. ती म्हणाली, तुम्ही आत्याकडे जातो म्हणून सांगितलं होतं. आत्याले कायचा रविवार?

डोळ्यांत धूळ. कमरेत चमक. अर्थ नाही.

२१ जानेवारी, सोमवार.

हेमला आला होता. सोमला नाईकाचा धाकटा भाऊ. मला वाटले भांडायला आला. मी आधीच सांगायला सुरुवात केली की ऑर्डर बरोबर आहे, वाचणाऱ्याने घोळ केला, वाचणाऱ्याने म्हणजे रेंजरने. तो माझ्या पेटीसमोर खाली बसला.

मग हळूहळू सांगू लागला. दंड भरायला बायांनी अंगावरची चांदी काढून दिली. गुरे तीन दिवसांनी सुटली. त्याची गाय गाभण होती, भरत आलेली. कोंडवाड्यात दाटीत व्याली. वासरू उभे राहण्याआधीच इतर गुरांच्या पायांखाली गेले. हे तो जमिनीकडे पाहून सांगत होता. शेजारच्या पेटीवर उकंडरावांची लेखणी थांबली होती.

सांगून झाल्यावर त्याने पागोट्यातून ऑर्डर काढली. घडीवर घडी पडून कागद मऊ झाला होता. म्हणाला, "सगळी, असं कोठी लिवलं हाये ते मले दाखवा. बोट ठेवा."

मी म्हणालो, इंटरप्रिटेशनचा प्रश्न आहे.

"बोट ठेवा, बाबू."

मी कमेन्सुरेटवर बोट ठेवले. त्याने मान वाकवून तो शब्द पाहिला. बराच वेळ पाहिला. अक्षरओळख नाही माणसाला. मग आपले बोट त्याच शब्दावरून डावीकडून उजवीकडे फिरवले.

"लांब तं हाये," तो म्हणाला. आणि कागद घडी करून निघून गेला.

पाटी रंगवायला सांगितली होती ती थांबवली. सध्या रंग चांगला मिळत नाही.

२२ जानेवारी.

सकाळपासून पोटात काही नाही. चतुराबाईने एकदाच विचारले, "तुमाले इंग्रजी येते, तं त्यायची गुरं काहून धरली?" मी म्हणालो, तुला नाही कळायचे. ती म्हणाली, म्हणून तं विचारून राह्यली.

उकंडराव एका अर्जात गुंतलेले पाहून नेमीचंदांकडे गेलो. कोटाचे कापड दाखवा म्हटले. त्यांनी तीन तागे उलगडले. मग सहज बोलल्यासारखे म्हणालो, कॉलरचे स्पेलिंग जरा पाहू का तुमच्या डिक्शनरीत? त्यांनी ती मांडीवर आणून ठेवली. कॉलर ओलांडली. कॉमन आले. मागे फिरलो. सापडला.

प्रमाणात असलेला. दुसऱ्याच्या मापाशी जुळणारा. खाली मूळ: लॅटिन. कॉम म्हणजे सोबत, मेन्सुरा म्हणजे माप.

कमेन्स नाही. रेट नाही. काहीच नाही.

आत्ताच समजले असे दाखवायचे नव्हते, म्हणून इतकेच म्हणालो की दोन वस्तूंचे माप सोबत कसे घेतील, इंग्रज लोकांचे काही सांगता येत नाही. नेमीचंदांनी गज उचलला. एका ताग्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर. म्हणाले, "गज एकच पाहिजे, बाबूसाहेब. हा किती, तो किती, मग आपोआप कळते. आम्ही दिवसभर हेच करतो."

जमिनीच्या मापाने गुरांचे माप. तांड्याकडे जमीन चौदा एकर, जंगलखात्याच्या हिशेबाने एकराला एक जनावर. नंबर म्हणजे संख्या. ऑर्डरमध्ये सगळे होते. चार ओळींत.

कोटाचे कापड घेतले नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन भिंतीला धरून उभा राहिलो.

२३ जानेवारी.

शांतपणे विचार केला तर दोष साहेबाचा आहे. साधा शब्द वापरता आला असता. अर्ज करणाऱ्याला कळेल असे लिहावे, हे सरकारी कामाचे पहिले तत्त्व. खरे म्हणजे दोष लॅटिनचा आहे. मेलेल्या भाषेने जिवंत गुरांच्या...

हे वाक्य पुरे करत नाही.

२४ जानेवारी.

चतुराबाईला सांगून टाकले. सगळे नाही. इतकेच की एका शब्दाचा अर्थ मराठीत नीट बसत नाही. एक गोष्ट किती, तर दुसरी पाहून तेवढीच, असा काहीतरी गहन अर्थ आहे. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "जमिनीच्या मानानं गुरं. असंच ना?"

विळीवरून मान वर केली नाही तिने.

मी सोळा दिवस झगडतो आहे. वाशीमला टपावर बसून गेलो.

२५ जानेवारी, शुक्रवार.

उपाय सापडला. साहेबाचा दौरा आहे. सोमवारी मानोऱ्याला मुक्काम. मी स्वतः जाणार. साहेबासमोर उभा राहून इंग्रजीत सांगणार: चूक माझी, तांडा निर्दोष, सगळ्या गुरांना चराई द्यावी. असे बोलेन की साहेब खुर्चीतून उठेल. कदाचित विचारेल, तुमच्यासारखा माणूस मंगरूळला काय करतो? ते मागाहून पाहू. आधी तांडा.

भाषण लिहिले. दीड पान. कमेन्सुरेट तीनदा, तिन्ही ठिकाणी बरोबर.

२६ जानेवारी.

भाषण पाठ. आरशासमोर. चतुराबाई म्हणते, मराठीत का नाही? मराठीत मला ते सांगवत नाही. तिला म्हणालो, मराठीत जोर येत नाही.

२८ जानेवारी, सोमवार. मानोरा.

लिहायलाच हवे. कोणी वाचणार नाही.

आंब्याखाली टेबल. साहेब, रेंजर, नाकेदार. समोर शे-दीडशे माणूस. मी मागे, एका बैलगाडीच्या आडोशाला उभा. पाळी आली की पुढे व्हायचे ठरले होते. भाषण खिशात.

तांड्याचे नाव पुकारले. सोमला नाईक पुढे गेला. त्याच्या हातात एक कागद होता. माझा नाही. अर्धे पान, मराठी. ते अक्षर मी ओळखतो, पाच वर्षे शेजारी बसतो आहे. उकंडराव रविवारी तांड्यावर जाऊन लिहून आले असावेत. मला बोललेही नाहीत.

साहेबाने कागद स्वतः वाचला. मराठी येते त्याला. हे मला कोणीच सांगितले नव्हते. मग तोडक्या मराठीत नाईकालाच विचारू लागला. गायी किती, बैल किती, पाणी कोठे. नाईक एकेक सांगत होता. एकही मोठा शब्द नाही. साहेब ऐकत होता, लिहून घेत होता.

मग त्याने विचारले, चौदांचीच परवानगी असताना सगळी गुरे कशी सोडलीत? कागद तुम्हाला कोणी वाचून दाखवला?

मी खिशातला कागद धरला. एक पाऊल टाकले. खरेच टाकले. गाडीच्या चाकापर्यंत.

नाईकाने मागे वळून पाहिले. मला पाहिले की नुसते मागे पाहिले, सांगता येणार नाही. मला पाहिले. मग साहेबाकडे तोंड करून म्हणाला, "आमीच चुकलो, हुजूर. आमाले समजलं नाही."

रेंजर हसला. साहेब हसला नाही. दुभत्या गायी आणि नांगराचे बैल यांना पावसाळ्यापर्यंत जंगलाच्या कडेच्या पट्ट्यात परवानगी दिली. बाकीच्यांना नाही. दंड परत नाही. पुढचे नाव पुकारले.

मी चाकाजवळच होतो. आता बोलून काय उपयोग, निकाल झाला, साहेबाचा वेळ जाईल, असे बरेच काही मनात आले. सगळे पटण्यासारखे होते.

गर्दी हलली तशी मी उलट्या बाजूने निघालो.

२९ जानेवारी.

पेटी उघडली नाही. प्रकृती बरी नाही असे सांगितले. उकंडराव येऊन गेले. कालच्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. एक पक्षकार माझी वाट पाहत होता, त्याचा अर्ज मीच लिहून दिला, एवढे सांगून गेले. ओरडले असते तर बरे झाले असते.

३० जानेवारी, बुधवार.

तांड्यावर गेलो. मोटारीने मानोरा, पुढे पायी.

काय सांगायचे ते वाटेत जुळवले होते. शब्दाचे मूळ, अर्थ, गैरसमज कसा झाला, इतर जाणकारांचाही कसा झाला असता. सोमला नाईक झोपडीसमोर दोर वळत बसला होता. हेमला शेजारी. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. लॅटिनपर्यंत आलो आणि पुढचे आठवेना. मग म्हणालो, "नाईक, मला तो शब्द येत नव्हता."

एवढेच. मराठीत. पाच-सहा शब्द.

त्याने दोर बाजूला ठेवला नाही. वळता वळता म्हणाला, "तं तवाच सांगाचं होतं, बाबू. येत नाही म्हनाचं. आमालेबी येत नाही. आमी कोठी लाजून राह्यलो?"

मी विचारले, साहेबासमोर माझे नाव का घेतले नाही. तो म्हणाला, तुमचं नाव घेतलं असतं तं साहेब तुमच्याशीच बोलत बसला असता. आमचं काम राहून गेलं असतं.

म्हणजे माझ्यासाठी नव्हते ते. दोन दिवस मला वाटत होते की माझ्यासाठी होते.

ऊन चढले होते. उपाशी जाऊ नका, असे नाईक म्हणाला. हेमलाच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. त्यांच्याकडे पाहुण्याला भाकरीवर दूध वाढतात, ते नव्हते. तिने आपणहून सांगितले की गाय पान्हा सोडत नाही, वासराशिवाय सोडणार नाही, आता हे वेत असेच जाईल. तक्रार नव्हती. भाकरी कोरडी का, एवढेच तिला पाहुण्याला सांगायचे होते.

गाय पलीकडे खुंट्याला उभी होती. मी भाकरी पूर्ण खाल्ली.